मागची सीट

नकाशा तुझ्याच गाडीतला, घड्यांवर फाटलेला,
एका कोपऱ्यावर कुणाच्यातरी आइसक्रीमचा डाग.
चहाचं तबक सरकवून तू तो पसरलास
आणि म्हणालास, "सांग तुदा, कुठे जायचं?"
जसं काही गिऱ्हाईकच बसलंय समोर.

मी म्हटलं, शेफशाऊएन.
निळ्या भिंती, निळे जिने, निळ्या उंबऱ्यात मांजरं.
"अकरा वेळा गेलोय," म्हणालास. "पार्किंग खाली, नाक्यापाशी.
गाडी सोडून जाता येत नाही, सामान असतं लोकांचं.
निळं काही पाहिलं नाही मी."

बरं, मर्झुगा. वाळूचे डोंगर, उंटावरून सूर्योदय.
"वाळू फिल्टरमध्ये जाते."

फेझ?
"चामडं कमावतात तिथे, गच्चीवरून बघायला
नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात.
एका नवरीने तिची मला आणून दिली होती,
वास उडालेली. चार दिवस आरशाला अडकवली होती मी."

आणि एसाविरा?
"तिथे नुसता वारा. एका जोडप्याचं बिनसलं,
तो जाऊन बसला तटावर, ती माझ्या गाडीत.
पावात सार्डिन घालून आणून दिले,
रडत रडत तिने दोन पाव संपवले,
मग तिनेच हॉर्न दाबून त्याला बोलावला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बासू.
सात वर्षांत शंभरेक मधुचंद्रांना
जाऊन आलायस तू,
आणि सगळे पाहिलेस वीतभर आरशात.
कोण कुणाच्या खांद्यावर झोपलं,
कुणाची अंगठी सैल होती, कोण खिडकीकडे तोंड करून बसलं,
सगळं तुला पाठ.
देश तेवढा राहून गेला.

तुझा डावा हात उजव्याहून काळा,
खिडकीत ठेवून ठेवून.
मेंदी लावताना हद्दूची बायको हसली होती,
म्हणाली, हे दोन निराळ्या माणसांचे हात.

आमच्याकडे याला मधाचा महिना म्हणतात.
महिना कसला, मालकाने दिलेत सहा दिवस,
सफरचंदांची तोडणी सुरू व्हायच्या आत परत ये म्हणाला.
मध मात्र आहे. तुझ्या आईने दिलेली बरणी,
रानओव्याच्या फुलांचा, घशाला जरा झोंबणारा.

मी बोट खाली खाली नेलं,
डाग ओलांडून, कागद संपायला आला तिथवर.
सिदी इफ्नी.
इथे कुणी नेलंय तुला?

तू ग्लास खाली ठेवलास.
"तिथे कोण जाणार? दुपारपर्यंत धुकं.
लोक उन्हासाठी पैसे मोजतात, तुदा."

ऊन आहे की मिडेल्टला, म्हटलं, फुकटचं,
छपरावरच्या जर्दाळूंना पुरून उरेल इतकं.
चल, जिथे तुला गॉगल लागणार नाही.
समुद्र दिसला नाही तरी ऐकू तर येईल.
आणि गाडी इथेच राहू दे.

तू बराच वेळ नकाशाची घडी घालत होतास.
ती काही जुळेना.

आता रात्रीचे दोन.
मराकेश मागे पडून किती वेळ झाला कोण जाणे, घाट लागलाय,
पुढे कुणाचं तरी बाळ किरकिरतंय,
आपण दोघं शेवटच्या सीटवर.
वळण आलं की तुझा उजवा पाय
समोरच्या सीटखाली ब्रेक दाबतो.
मघाशी ड्रायव्हरने दिवा लावून आरशात पाहिलं
आणि तू, इतक्यांना पोचवून आलेला,
झटकन खिडकीबाहेर बघायला लागलास.
बाहेर काळोख. काय दिसलं तुला?

बरणी माझ्या मांडीत, झाकणातून पाझरतेय थोडी,
बोटं चिकट झालीत.
दाब तू ब्रेक, दाब हवा तेवढा.
हात मात्र इकडे दे.
तो नाही.
खिडकीतला.